रडारची उंची, मोबाइलची उंची आणि गावामागचा कडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोले तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाचं काम करणाऱ्या तरुणाने अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीची फाइल उतरवून घेतली. नासाच्या शटल रडार मोहिमेची, दर ३० मीटरच्या चौकटीला एक उंची देणारी, फुकट मिळते ती. मारुतीच्या देवळापाशी ही फाइल ६५२ मीटर सांगते, मोबाइल ५८८ सांगतो आणि जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा छापील नकाशा, ६४७. गावामागचा कडा फाइलमध्ये टोपोशीटपेक्षा चाळीस मीटर बुटका निघतो. २००६ साली बांधलेला पाझर तलाव तर फाइलमध्ये नाहीच, तिथे नुसता ओढा दिसतो. त्यांनी विचारलं आहे: “यातलं खरं कोणतं? या फाइलवर सलग समतल चरांची आखणी करू का, की निसार उपग्रहाचा नवा नकाशा येईपर्यंत थांबू?” (सलग समतल चर म्हणजे उतारावर पाणी अडवून मुरवायला एकाच पातळीत खणलेले लांब चर.)

आधी एक सांगते. तुमचं काही चुकलेलं नाही. फाइल बरोबर उतरवली आहे, बिंदूही बरोबर टिपले आहेत. पण “खरं कोणतं” असं विचारलं की उत्तर सापडत नाही, कारण या प्रत्येक आकड्याने वेगळी गोष्ट मोजली आहे. गेली बावीस वर्षं मी हे रडारचे उंचीचे नकाशे रस्ते, कालवे आणि पाणलोट यांच्या कामात वापरते आहे. “उंची जुळत नाही” म्हणून जी कामं माझ्याकडे येतात, त्यांतली बहुतेक एवढं विचारलं की सुटतात: ही उंची कुठल्या शून्यापासून मोजली, कशाच्या माथ्याची आहे, किती जागेची मिळून आहे आणि कोणत्या सालची आहे.

मोबाइलचं कोडं सगळ्यात सोपं, म्हणून ते आधी. जीपीएसला समुद्र ठाऊक नसतो. ते उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून, ज्याला गोलाभ म्हणतात. खरी समुद्रसपाटी या गोलाभावर बसलेली नाही. गुरुत्वाकर्षण जिथे कमी-जास्त, तिथे ती खाली-वर होते, आणि आपल्या भागात ती चांगलीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती गोलाभाच्या १०६ मीटर खाली जाते. जगातला सगळ्यात खोल खळगा तोच. महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरच्या आसपास राहतो. शिकाऊ मुलांना मी हर्णैच्या किनाऱ्यावर नेते, पाण्यात पाय बुडवून उभं करते आणि जीपीएसची कच्ची उंची वाचायला सांगते. आकडा उणे साठच्याही खाली असतो, आणि लाटा घोट्यांवर येत असतात. एकदा तो बघितला की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

अँड्रॉइडवरची बरीच ॲप ही गोलाभापासूनची उंचीच दाखवतात. तुमची रडारची फाइल मात्र आधीच समुद्रसपाटीवर आणून दिलेली आहे. त्यासाठी १९९६ चं जिऑइड मॉडेल वापरलं आहे, म्हणजे समुद्रसपाटी गोलाभाच्या कुठे किती खाली-वर आहे याचा हिशेब. त्यामुळे ५८८ आणि ६५२ यांच्यात भांडण नाही, मधले ६४ मीटर म्हणजे तोच साठ-सत्तरचा फरक. तुमच्याकडे बेरीज अगदी चपखल बसली हा मात्र योगायोग समजा, कारण मोबाइलची उंची सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मीटर हलतेच.

टोपोशीटचे ६४७ सर्व्हे ऑफ इंडियाच्या शून्यापासून आहेत. मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ते शून्य ठरवलं होतं. म्हणजे फाइल आणि टोपोशीट यांच्यातला फरक उरला पाच मीटरचा. रडार मोहिमेने आधी जे वचन दिलं होतं ते शंभरातल्या नव्वद ठिकाणी १६ मीटरच्या आत चूक असं होतं, आणि प्रत्यक्षात काम त्याहून बरंच चांगलं झालं. म्हणून देवळापाशी पाच मीटरचा फरक निघाला तर त्याला मी चूक म्हणत नाही. फक्त एक तपासा: जुन्या टोपोशीटचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर आहेत आणि फाइलचे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या गोलाभावर. ते रूपांतर न करता बिंदू टाकला तर तो भलत्याच जागी पडतो. सपाटीवर हे जाणवत नाही. पण ४५ अंशांच्या उतारावर १५ मीटर बाजूला सरकलात की उंची १५ मीटरने बदलते. तुमच्या कड्याच्या चाळीस मीटरपैकी काही भाग इथूनच आलेला असू शकतो.

कडा बुटका का निघाला हे कळायचं तर रडार उंची मोजतं कसं ते बघावं लागेल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, याचं सगळं उत्तर त्या मोजण्याच्या पद्धतीत आहे.

११ फेब्रुवारी २००० ला एंडेव्हर हे शटल यान सहा अंतराळवीरांना घेऊन निघालं आणि अकरा दिवसांत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यातली जमीन रडारने पिंजून काढली. पृथ्वीवरच्या जमिनीचा साधारण ८० टक्के भाग त्यात आला. यान २३३ किलोमीटर उंचीवर होतं. त्याच्या मालखणात मुख्य अँटेना होता, आणि बाजूला ६० मीटर लांबीची एक डोलकाठी उलगडत बाहेर काढली होती, जिच्या टोकाला दुसरा अँटेना. तीन मीटरहून आखूड डब्यात घडी घालून नेलेली ती काठी होती. तोवर अवकाशात एवढी लांब ताठ वस्तू कुणी उभी केली नव्हती.

मुख्य अँटेना तिरकस खाली लहर सोडतो. ती जमिनीवर आपटून परत येते. जाऊन-येऊन सहा-साडेसहाशे किलोमीटरचा प्रवास, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहून थोडा जास्त. परतलेली लहर दोन्ही अँटेना ऐकतात. ज्या दगडावरून ती आली तो दगड दोन्ही अँटेनांपासून अगदी सारख्या अंतरावर नसतो, म्हणून एकाकडे ती किंचित आधी पोचते आणि दुसऱ्याकडे किंचित नंतर. हा उशीर घड्याळाने मोजण्याइतका मोठा नसतो. तो मोजतात लहरीच्या फेजवरून, म्हणजे लहर आपल्या चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यावरून. लहर ५.६ सेंटिमीटरची होती. त्या एका लहरीचा कितवा हिस्सा मागेपुढे झाला, ते बघायचं. दोन अँटेना आणि दगड असा त्रिकोण तयार होतो. त्याच्या बाजू कळल्या की दगड किती उंचीवर आहे ते निघतं.

हे वाचायला सोपं वाटतं. पण त्रिकोणाचा पाया ६० मीटरचा आणि बाजू सव्वातीनशे किलोमीटरच्या. काठीचं टोक एक तृतीयांश मिलिमीटर सरकलं, तर २३३ किलोमीटर खालच्या जमिनीची उंची एका मीटरने चुकते. हिशेब तुम्ही स्वतः करून बघू शकता: ०.३ मिलिमीटर भागिले ६० मीटर, गुणिले २३३ किलोमीटर. यानाने थोडा धक्का दिला की काठी हलायची, उन्हातून सावलीत गेली की आकसायची. तिच्या टोकावर एक कॅमेरा सतत नजर ठेवून होता, ताऱ्यांवरून यानाचा कल मोजला जात होता. टोकावरचा थंड वायूचा छोटा थ्रस्टर नीट चालेना, तेव्हा कल धरून ठेवायला यानाचं इंधन जास्त खर्च करावं लागलं आणि ते पुरवून पुरवून वापरत मोहीम पूर्ण केली. एवढ्या नाजूक मोजणीतून आपल्या शिवाराची उंची आली आहे. तिच्याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो, आणि तिच्या मर्यादाही नेमक्या याच मोजणीत आहेत.

पहिला परिणाम असा की काठीच्या हालचालीची जी चूक उरली, ती एका चौकटीपुरती नसते. ती कित्येक किलोमीटर पसरलेली, हळूहळू बदलणारी असते. तुमचं सगळं गाव त्यात एकदम चार मीटर वर उचललं जाईल. पण गावातल्या देवळाचा आणि शाळेचा आपसातला फरक त्याने बिघडत नाही, कारण दोघंही सारखेच उचलले गेले. म्हणून मी फाइलमधल्या एकट्या उंचीपेक्षा दोन ठिकाणांच्या फरकावर जास्त भरवसा ठेवते. त्या फरकातही मीटर-दोन मीटरचा बारीक खडखडाट असतोच, हे सोबत लक्षात ठेवायचं.

दुसरा परिणाम कड्याचा. फेज एक पूर्ण फेरा मारून पुन्हा शून्यावर येते. शटलच्या मांडणीत एक फेरा म्हणजे साधारण दोनशे मीटर उंची. सलग उतारावर संगणक एकामागून एक फेरे मोजत वर चढत जातो, काही अडचण येत नाही. पण मध्येच तीनशे-चारशे मीटरचा उभा तुटका कडा आला, तर पायथा आणि माथा यांच्यामध्ये किती फेरे गेले हे कळायला मधली पायरीच राहत नाही. घाटमाथ्यावर नेमकं हेच होतं.

त्यात भर पडते तिरकस बघण्याची. रडार फक्त वेळ ओळखतं: आधी आलं ते जवळचं, नंतर आलं ते लांबचं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेकडून वरून तिरकं बघणाऱ्या रडारला कड्याचा माथा पायथ्यापेक्षा जवळ असतो. त्यामुळे माथ्याचं उत्तर आधी येतं आणि पायथ्याचं मागून, आणि रडारच्या चित्रात अख्खा कडा रडारच्या बाजूला वाकून पायथ्यावर आडवा पडल्यासारखा दिसतो. पूर्वेकडून बघितलं तर उलट: कड्याने खालचा सगळा भाग झाकलेला, तिथे लहर पोचलीच नाही, नुसती काळी सावली. शटलने बहुतेक जागा किमान दोनदा टिपल्या, वेगवेगळ्या दिशांनी, म्हणून पुष्कळसं भरून निघालं. जे निघालं नाही तिथे मूळ फाइलमध्ये भोकं होती. नंतरच्या आवृत्त्यांत ती दुसऱ्या स्रोतांवरून किंवा आजूबाजूच्या उंचीवरून भरून दिली. तुम्ही उतरवलेल्या फाइलमध्ये भोक दिसत नाही, पण म्हणून तिथे मोजणी झालीच असेल असं नाही.

आणि तिसरी गोष्ट साधी, सरासरीची. ३० मीटरची एक चौकट म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं सगळ्यात मोठं शेततळं ३० बाय ३० चं होतं. म्हणजे ते अख्खं शेततळं या नकाशात एक आकडा. पूर्वी भारतासाठी ९० मीटरचीच फाइल मिळायची, तिची एक चौकट दोन एकरांची. आपल्या कड्यांचे माथे निमुळते असतात. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर जिथे देऊळ आहे ती जागा केवढीशी! त्या चौकटीत देऊळही येतं आणि चारी बाजूंनी उतरणारा डोंगरही येतो, मग सरासरी खालीच उतरणार. दऱ्यांचे तळ याच कारणाने थोडे वर उचललेले दिसतात. तुमच्या कड्याच्या चाळीस मीटरमध्ये ही सरासरी, फेऱ्यांची गडबड आणि टोपोशीटची बाजूची सरक हे तिन्ही असतील. कुणाचा वाटा किती, ते कड्याचा आकार बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ती फाइल फेकून द्यायचं कारण मला यात दिसत नाही. फक्त कड्याच्या काठापासून चार-पाच चौकटी दोन्ही बाजूंनी वगळा.

आता “कशाच्या माथ्याची उंची” याकडे येते, कारण ते तुम्ही विचारलेलं नाही आणि पाणलोटात तेच जास्त नडतं.

५.६ सेंटिमीटरची लहर झाडांच्या शेंड्यावर थांबत नाही आणि जमिनीपर्यंतही पोचत नाही. पानाफांद्यांत शिरून मध्येच कुठून तरी परतते. शटलची मोहीम फेब्रुवारीतली, तेव्हा आपल्याकडच्या सागाची पानं झडलेली असतात आणि भातखाचरं कोरडी. सागाच्या रानात म्हणून चूक थोडी कमी. पण आमराई, निलगिरी, दाट देवराई इथे पाच-दहा मीटर वर धरूनच चाला.

हे मी शिकले ते कोकणात. सुरुवातीच्या वर्षांत एका कार्यालयासाठी खाडीकाठच्या काही गावांचा उधाणाच्या पाण्याचा नकाशा मी केला होता. तेव्हा ९० मीटरची फाइल होती. किनाऱ्यालगत आठ-दहा मीटर उंचीची वाळूची टेकडी सलग दिसत होती, तिच्यामागचं गाव नकाशावर कोरडं राहिलं. नकाशा घेऊन गावात गेले, तर एका घरच्या आजींनी मला हाताला धरून ओटीवर नेलं आणि भिंतीवर बोट ठेवलं. गुडघ्याच्या उंचीला खाऱ्या पाण्याची पांढरट रेघ होती, गिलावा तिथून खाली पोपडे धरून सुटला होता. “हे पाणी कुठून आलं मग, बाय?” टेकडी नव्हतीच. सुरूची लागवड होती, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. रडारने झाडंच जमीन म्हणून मोजली होती आणि मी ते तपासलं नव्हतं. नकाशा मागे घेतला, डंपी लेव्हल, म्हणजे पातळी बघायची तिपाईवरची दुर्बीण, घेऊन पुन्हा मोजणी केली. त्या कार्यालयाला नकाशाची घाई होती, पण जमिनीवर जाऊन बघायला दोन दिवस मागून घेणं हे माझं काम होतं. तेव्हापासून झाडीच्या पट्ट्यावर मी कधीही आंधळा विश्वास ठेवलेला नाही. तुमच्या शिवारातही ओढ्याकाठी करंज-जांभळाची दाट रांग असेल, तर फाइलमध्ये ती बांधासारखी उभी राहील आणि संगणक ओढ्याला भलतीकडे वळवेल.

पाझर तलावाचं उत्तर आता तुमच्याच लक्षात आलं असेल. फाइल फेब्रुवारी २००० ची आहे आणि तलाव २००६ चा. त्या दिवशी तिथे ओढाच होता. मला विचाराल तर ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे, कारण तलाव होण्याआधीच्या जमिनीची उंची आता नव्याने कुठला उपग्रह मोजून देणार नाही. पाण्यावर रडार चालतच नाही म्हणा ना. संथ पाणी आरशासारखी लहर पुढे परतवून देतं, मागे काही येत नाही, चित्रात पाणी काळं दिसतं. महापुरात हाच गुण उपयोगी पडतो. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूरवर ढग ठाण मांडून बसले होते, तेव्हा वरून पाणी कुठवर पसरलंय ते रडारलाच दिसत होतं, कारण ही लहर ढगांतून पार जाते आणि तिला सूर्यही लागत नाही. पण उंचीच्या नकाशात पाणी म्हणजे नुसता गोंगाट, म्हणून मोठे जलाशय हाताने सपाट करून दिलेले असतात.

तर मग या फाइलवर सलग समतल चर आखायचे का? नाही. याबाबतीत “परिस्थितीवर अवलंबून” असं मी म्हणणार नाही. समतल चर दोन फूट रुंद आणि फूट-दीड फूट खोल. त्याची पातळी वीतभर जरी चुकली, तरी पाणी एका टोकाला धावतं, तिथे भराव फुटतो आणि एका चराचं पाणी खालच्या सगळ्या चरांना फोडत जातं. शटलच्या फाइलमध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच लिहिलेली आहे, दशांश नाहीतच. सपाट रानाची समोच्चरेषा काढून बघा, जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसेल. ती पायरी जमिनीवर नाही, फाइलमध्ये आहे. चराची रेघ हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारं साधन), ए-फ्रेम (‘ए’ अक्षरासारखी ओळंब्याची घोडी) किंवा डंपी लेव्हल घेऊन जमिनीवरच टाकायची.

मात्र त्या रेघेच्या आधीचं जे काम आहे ते या फाइलवर उत्तम होतं, आणि तिथे तुम्ही तिचा भरपूर उपयोग करा. पाणलोटाची हद्द कुठून जाते, माथ्यापासून पायथ्यापर्यंत कोणत्या टप्प्यात किती उतार आहे, कुठल्या ओढ्याला किती क्षेत्राचं पाणी मिळतं, कोणता उतार चरांसाठी जास्तच तीव्र आहे आणि तिथे दगडी बांधच घालावे लागतील: डोंगराळ गावात हे सगळं फाइल नीट सांगते, कारण तिथे उंचीचे फरक पन्नास-शंभर मीटरचे असतात आणि चूक दोन-पाच मीटरची. सपाट काळ्या रानात हे उलटं होतं. तिथे जमिनीचा फरकच दोन मीटरचा, मग ओहोळ नकाशावर कुठेही भरकटतो. तुमचं गाव डोंगरपायथ्याला आहे, म्हणजे वरचा अर्धा भाग फाइलवर आणि खालचा अर्धा पायी, असं काम वाटून घ्या.

सुरुवात अशी करा. गावातल्या उघड्या, सपाट, झाडं नसलेल्या सात-आठ जागा निवडा: शाळेचं मैदान, खळं, यात्रेचं पटांगण, मुरमाड माळ. तिथे समुद्रसपाटीची भरवशाची उंची कुणाकडे असेल तर ती मिळवा. कालव्याच्या किंवा रस्त्याच्या कामात टाकलेले बेंचमार्क, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणा, बहुतेक वेळा पाटबंधारे किंवा बांधकाम खात्याच्या नोंदीत असतात. फाइल सगळीकडे सारखीच वर-खाली दिसली, तर तेवढी वजा करून टाका. एखादीच जागा वेगळी पडली तर तिथे जाऊन बघा, काहीतरी कारण नक्की सापडतं.

मग दुसरी फाइल उतरवा, कोपर्निकस डीईएम (डीईएम म्हणजे उंचीचा अंकी नकाशा) नावाची, तीही ३० मीटरची आणि फुकट. ती टॅनडेम-एक्स या जर्मन मोहिमेच्या मोजणीवरून केलेली आहे. तिथे डोलकाठीऐवजी दोन पूर्ण उपग्रह काही शे मीटर अंतर ठेवून एकमेकांभोवती फिरत होते. पाया लांब, लहर ३.१ सेंटिमीटरची, एकच जागा अनेकदा मोजलेली, त्यामुळे खडखडाट पुष्कळ कमी आणि उंची दशांशात. मी स्वतः नवीन काम आता तिच्यावरच सुरू करते. मात्र छोटी लहर झाडीत आणखी कमी शिरते, म्हणजे झाडांचा प्रश्न तिथे राहतोच. ब्रिस्टल विद्यापीठाने २०२२ मध्ये यातून झाडं आणि इमारती गणिताने काढून टाकलेली फॅबडेम ही आवृत्ती केली. व्यावसायिक वापराला तिचा परवाना वेगळा आहे, गावाच्या कामाला हरकत येऊ नये, तरी अटी वाचून घ्या.

आता क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये कोपर्निकसमधून शटलची फाइल वजा करा. ही वजाबाकी मी प्रत्येक कामात करते आणि दोन्ही नकाशांपेक्षा जास्त वेळ तिच्यासमोर बसते. शटल २००० ची, कोपर्निकसची मोजणी २०११ ते २०१५ मधली. दोन्हींचं जिऑइड मॉडेल वेगळं आहे, त्यामुळे सगळीकडे थोडा एकसारखा फरक येईल, तो सोडून द्या. उरतं ते बघा. दगडखाण खोल गेलेली दिसेल, नव्या रस्त्याचा भराव दिसेल, तुमच्या पाझर तलावाच्या जागी ठळक डाग दिसेल, वाढलेली लागवड वर आलेली दिसेल. आणि कड्याच्या काठाने लाल-निळी झालर दिसेल, तिथे दोघांपैकी कुणाचंच ऐकायचं नाही.

राहिला निसार. त्यासाठी थांबू नका. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेलेला हा इस्रो आणि नासाचा उपग्रह फार मोठं काम करणार आहे, पण ते काम उंचीचा नकाशा करायचं नाही. उंची मोजायला दोन ठिकाणांहून बघावं लागतं, ते आपण पाहिलं. निसार दर १२ दिवसांनी मुद्दाम जवळपास त्याच वाटेने परत येतो, म्हणजे पाया जवळजवळ शून्य. असं केलं की उंची गणितातून बाजूला पडते आणि मधल्या दिवसांत जमीन हलली असेल तर तेवढंच उरतं. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, जमीन १२ सेंटिमीटर सरकली की फेजचा एक पूर्ण फेरा होतो, आणि फेऱ्याचा लहानसा हिस्साही ओळखता येतो. भूजल उपसून खचणारी जमीन, हळूहळू सरकणारा उतार यांसाठी ते आहे. लांब लहर मातीतल्या ओलीलाही चांगली ओळखते, तेव्हा दोन-तीन पावसाळ्यांनंतर तुमच्या चरांनी ओल किती धरली हे बघायला मात्र निसार जरूर वापरा.

आणि तुम्ही लिहिलंय की तो पाझर तलाव एप्रिलअखेर कोरडा पडतो. तो कोरडा असताना एक काम कराच. भिंतीवर एक पक्की खूण करा, तिथून डंपी लेव्हलने तळाची पातळी दर वीस मीटरवर घ्या आणि मोबाइलमध्ये त्या जागा टिपून ठेवा. शटलच्या फाइलमधल्या २००० च्या ओढ्याशी ते आकडे लावले तर गाळाची जाडी निघणार नाही, तेवढी बारीक ती मोजणी नाही. पण ओढ्याचा मूळ काटछेद कुठून जात होता आणि काठ किती रुंद होते, ते कळेल. गाळ काढताना जेसीबी कुठे खोल घालायचा आणि कुठे मुरुमाला लागलात की थांबायचं, हे ठरवायला तेवढं पुरतं. आकडे आले की इथेच टाका, दोन्ही फाइलींशी लावून मी बघते.